परकी भाषा, आपली मुले : शिकवण्याची आवड लागते कशी आणि टिकते कशी?

जून महिना उजाडला की पालघर, बोईसर, तारापूर परिसरातील शाळांच्या घंटा पुन्हा घणघणू लागतात. छत्र्या मिटवीत, चिखलाने माखलेली पावले झटकीत मुले वर्गात येऊन बसतात. नव्या पुस्तकांचा वास दरवळत असतो. अशा वेळी इंग्रजीच्या तासाला वर्गात पाऊल टाकणाऱ्या शिक्षकाच्या मनात काय चालले असेल? पहिल्या वर्षीचा शिक्षक असेल तर मनात उत्साह असतो आणि थोडी धाकधूकही. पंधराव्या वर्षीचा असेल तर कित्येकदा मनात एकच विचार असतो, ‘पुन्हा तेच धडे, पुन्हा त्याच चुका.’

परकी भाषा शिकवण्याची आवड माणसाला कशी लागते आणि लागलेली आवड वर्षानुवर्षे कशी टिकते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शिक्षकांचा वाटतो. वास्तविक तो आपल्या प्रत्येक घराचा प्रश्न आहे. कारण शिक्षकाची आवड विझली की त्याची किंमत वर्गातली मुले मोजतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा खोलवर विचार करू या.

इंग्रजी आपल्याकडे खरोखर परकीच

शहरातील मुलाच्या कानावर इंग्रजी सतत पडत असते. आपल्या जिल्ह्याचे चित्र वेगळे आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात लोकसंख्येचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आदिवासी बांधवांचा आहे. वारली पाड्यावरील मूल घरी वारली बोलते. शाळेत येते तेव्हा पुस्तकातील प्रमाण मराठी हीच त्याच्यासाठी दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. सातपाटी-तारापूरच्या किनाऱ्यावरील मांगेला समाजाच्या घरातील बोली निराळी. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीभोवतीच्या चाळींत तर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, गुजरात येथून आलेल्या कामगारांची मुले एकाच बाकावर बसतात. आपल्या वसई भागातील वाचकांना हे नव्याने सांगायला नको. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलून शाळेत प्रमाण मराठी बोलताना जीभ कशी अडखळते, हे आपल्यातील अनेक ज्येष्ठांनी बालपणी अनुभवले आहे.

महाराष्ट्र शासनाने २००० सालच्या जूनपासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. तोवर ते पाचवीपासून शिकवले जाई. निर्णयामागचा हेतू स्पष्ट होता. खेड्यातील मूल इंग्रजीअभावी मागे पडू नये. परंतु या निर्णयाने एक नवे वास्तव समोर आले. ज्या शिक्षकांनी स्वतः इंग्रजी केवळ परीक्षेपुरते शिकले होते, ज्यांना ती भाषा बोलण्याची सवय नव्हती, अशा हजारो शिक्षकांवर ती शिकवण्याची जबाबदारी येऊन पडली. आवड असो वा नसो, तास घ्यायचाच होता. म्हणूनच ‘आवड निर्माण होऊ शकते का?’ हा प्रश्न आपल्याकडे केवळ तात्त्विक राहिला नाही.

पिंपावरची अक्षरे

इंग्रजी कशासाठी, असे विचारल्यास बहुतेकांचे उत्तर ‘नोकरीसाठी’ असे असते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. एक उदाहरण घेऊ या. तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनांचे अनेक कारखाने आहेत. दहावी किंवा आयटीआय करून तेथे कामाला लागलेल्या तरुणासमोर रसायनाचे पिंप येते. त्यावर इंग्रजीत एक शब्द असतो, ‘इनफ्लेमेबल’. शाळेत त्याला शिकवलेले असते की शब्दाच्या आधी ‘इन’ लागले की अर्थ उलटा होतो. ‘करेक्ट’ म्हणजे बरोबर, ‘इनकरेक्ट’ म्हणजे चूक. हाच नियम त्याने येथे लावला तर तो समजेल की हे रसायन पेट घेत नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इनफ्लेमेबल’ या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारे. हा गोंधळ जिवावर बेतू शकतो म्हणूनच सुरक्षाविषयक तज्ज्ञांनी ‘फ्लेमेबल’ हाच शब्द वापरण्याचा आग्रह धरला.

नियम पाठ करून घेणारा शिक्षक हा अपवाद सांगायचा राहून जाईल. आपले विद्यार्थी उद्या कोठे काम करणार आहेत हे ज्याच्या डोळ्यांसमोर असते, तो शिक्षक मात्र हा शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहील. आवड असलेल्या आणि आवड हरवलेल्या शिक्षकातील फरक असा कधी कधी एका शब्दाएवढा असतो. मात्र त्या एका शब्दावर एखाद्याचा जीव अवलंबून असू शकतो.

आवडीचा उगम : आधी विद्यार्थी, मग शिक्षक

आवड ही जन्मजात देणगी आहे, ती ज्याला आहे त्याला आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. या संदर्भात आपल्याला परिचित असलेले एक नाव आठवावे लागेल, फादर थॉमस स्टीफन्स.

हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली लिस्बनहून जहाजाने निघून गोव्यात पोहोचले. येथील भाषांचा त्यांना गंधही नव्हता. शिकायला छापील व्याकरण नव्हते, तयार पाठ्यपुस्तकही नव्हते. तरीही साष्टी भागातील लोकांत मिसळून त्यांनी कोकणी आणि मराठी आत्मसात केली. १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले. चार वर्षांत त्यांचा कान किती तयार झाला होता, याची ही साक्ष होय. पुढे १६१६ साली रायतूर येथे त्यांचे सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. गोव्यात पाऊल ठेवल्याला तेव्हा ३७ वर्षे लोटली होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे आणखी एक कार्य महत्त्वाचे आहे. त्यांनी कोकणी भाषेचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले. १६१९ साली त्यांचे निधन झाल्यावर, १६४० मध्ये ते छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते. एका इंग्रज माणसाने पोर्तुगीज भाषेत कोकणीचे व्याकरण का लिहावे? कारण त्यांच्यामागून येणाऱ्यांची वाट त्यांना सोपी करायची होती. स्वतः धडपडत शिकलेल्या माणसालाच कळते की नवशिक्याचा पाय नेमका कोठे अडखळतो. तेथूनच शिकवण्याची ओढ जन्म घेते.

आपल्या मराठी माध्यमात शिकलेल्या शिक्षकाला इंग्रजीबद्दल वाटणारा न्यूनगंड याच दृष्टीने पाहावा. ज्याला इंग्रजी कष्टाने आली, ज्याने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्यांपर्यंत मिळेल ते साधन वापरले, तो शिक्षक पाड्यावरील मुलाला अधिक जवळचा असतो. त्याची स्वतःची धडपड हेच त्याचे मोठे भांडवल होय.

आवड का विझते?

लागलेली आवड कायम राहतेच असे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लाक यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी, माणसांची सेवा करणाऱ्या व्यवसायांत येणाऱ्या थकव्याची तीन लक्षणे मांडली. पहिले, मनाची शक्ती संपल्यासारखे वाटणे. दुसरे, समोरच्या व्यक्तीकडे माणूस म्हणून न पाहता एखाद्या वस्तूसारखे पाहू लागणे. तिसरे, आपल्या हातून काहीच साध्य होत नाही ही भावना बळावणे. शाळेच्या भाषेत बोलायचे तर शिक्षक ‘सुनीता’ किंवा ‘महेश’ असा विचार करणे सोडून ‘ही नापासांची रांग’ असा विचार करू लागतो, तेव्हा धोक्याची घंटा वाजलेली असते.

या थकव्याला बाहेरची कारणे आहेतच. निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, भरगच्च वर्ग, माहिती भरण्याचे सततचे तक्ते यांतून शिकवायला उरतो किती वेळ? हे सारे मान्य करूनही एक आतले कारण उरते. त्याकडे लक्ष वेधले ते आपल्याच देशातील एका भाषाशिक्षणतज्ज्ञाने.

एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत इंग्रजी अध्यापनाचा एक प्रयोग केला. तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून जगभर ओळखला जातो. व्याकरणाचे नियम सांगत बसण्याऐवजी मुलांना रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा अशा गोष्टींवर आधारित कोडी सोडवायला दिली जात. कोडे सोडवण्यात मन गुंतले की भाषा आपोआप मुरत जाते, ही त्यामागील धारणा. पुढे १९९० मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात त्यांनी मांडले की सर्वांना सर्वत्र लागू पडेल अशी सर्वश्रेष्ठ अध्यापन पद्धती नसते. चांगल्या अध्यापनाचा खरा शत्रू वाईट पद्धती हा नसून यांत्रिकपणा हा आहे. शिक्षक जे करतो ते का करतो, याची जाण त्याच्या मनात जिवंत असली पाहिजे. ती जाण मेली की उत्तम पद्धतीही निर्जीव कर्मकांड बनते.

धडा वाचा, शब्दार्थ फळ्यावर लिहा, गाईडमधील उत्तरे उतरवून घ्या. हा क्रम कोणत्याही वाईट हेतूने सुरू झालेला नसतो. वेळ वाचवण्यासाठी तो सुरू होतो आणि हळूहळू त्याची सवय होते. त्या सवयीत आधी मुले कंटाळतात आणि मग मुलांचे कंटाळलेले चेहरे पाहून शिक्षकही कंटाळतो.

आवड टिकवणारे छोटे प्रयोग

मग उपाय काय? स्वित्झर्लंडमधील संशोधक मायकेल ह्यूबरमन यांनी १९८० च्या दशकात तेथील १६० माध्यमिक शिक्षकांच्या कारकिर्दीचा अभ्यास केला. निवृत्तीकडे झुकतानाही समाधानी असलेले शिक्षक कोण, हे त्यांनी तपासले. मोठमोठ्या सुधारणांच्या मोहिमांत स्वतःला झोकून देणारे शिक्षक अनेकदा शेवटी निराश झालेले आढळले. उलट, आपल्याच वर्गात सतत छोटे छोटे बदल करून पाहणारे शिक्षक अधिक समाधानी होते. सारांश, आवड टिकवायला क्रांतीची गरज नाही. एखादा सुगरणीचा हात जसा रोजच्या आमटीत थोडा फेरफार करून पाहतो, तसे वर्गात करून पाहणे पुरेसे असते.

आपल्या परिसरात असे प्रयोग कोणते करता येतील?

पहिला प्रयोग वेळापत्रकाचा. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही नावे मुलांना तोंडपाठ असतात. गाडीचे इंग्रजी वेळापत्रक वर्गात आणावे आणि विचारावे, ‘आजीला सकाळी दहा वाजता पालघरच्या दवाखान्यात पोहोचायचे आहे, बोईसरहून कोणती गाडी धरावी?’ उत्तर इंग्रजीत द्यायचे. येथे व्याकरणाची भीती वाटण्यास मुलांना सवडच मिळत नाही.

दुसरा प्रयोग लेबलांचा. औषधाची बाटली, खताची पिशवी, साबणाचे वेष्टन, घरात पडून असलेल्या अशा वस्तूंवरील इंग्रजी मजकूर मुलांनी वहीत उतरवून आणावा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चिकूच्या पेटीवर इंग्रजीत काय लिहावे, हे बागायतदारांच्या मुलांनी ठरवावे. मग भाषा पुस्तकातून उठून घराच्या ओटीवर येते.

तिसरा प्रयोग तुलनेचा. मुलांच्या बहुतेक चुका आळसामुळे नव्हे, तर मातृभाषेच्या तर्काने होतात. मराठीत क्रियापद शेवटी येते, ‘मी आंबा खातो’. इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते, ‘मी खातो आंबा’. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, म्हणजे ‘वर’ मागून जोडतो. इंग्रजीत ‘वर’ आधी येतो आणि टेबल नंतर. आपला एकच ‘व’ इंग्रजीच्या दोन ध्वनींचे काम करतो. एकासाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवावे लागतात आणि दुसऱ्यासाठी ओठांचा चंबू करावा लागतो. शिक्षकाने चूक झाल्याबरोबर लाल शाईची रेघ ओढण्याऐवजी ‘तू असे का लिहिलेस, मला समजले’ असे म्हटले, तर मुलाचा धीर सुटत नाही. शिवाय तुलनेत आपली भाषा प्रत्येक वेळी उणी ठरत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा सुंदर भेद आहे. ऐकणारा सोबत आहे की नाही हे एका शब्दात कळते. इंग्रजीच्या ‘वुई’ या शब्दाला ते साधत नाही. हे कळल्यावर मुलाची मान ताठ होते. न्यूनगंड गेला की परकी भाषा शत्रू वाटत नाही.

चौथा प्रयोग शब्दांच्या प्रवासाचा. तारापूर आणि वसई हे किल्ले १७३९ साली मराठ्यांनी जिंकेपर्यंत या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. सत्ता गेली, शब्द राहिले. पाव, बटाटा, चावी, घमेले, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले. आज त्यांना परके कोण म्हणेल? परके शब्द पचवण्याची ताकद आपल्या जिभेत पिढ्यान् पिढ्या आहे, हे मुलांना अशा गोष्टींतून पटते.

कोसबाडच्या टेकडीचा धडा

आवड टिकवण्याचा आणखी एक धडा आपल्याच जिल्ह्यात गिरवला गेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर रुजले. आदिवासी मुले शाळेत येईनात, कारण त्यांना गुरे राखायची असत, धाकट्या भावंडांना सांभाळायचे असे. तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच त्यांच्याकडे नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी आणि गुरे चरतात तेथे भरली ती कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पाने यांनी त्यांचा वर्ग सजला.

त्यांनी परकी भाषा शिकवली नाही हे खरे. पण त्यांच्या कार्यातील सूत्र भाषाशिक्षकाला तंतोतंत लागू पडते. मूल विषयापर्यंत येत नसेल, तर विषयाने मुलापर्यंत जावे. अनुताईंनी दशकानुदशके एकाच परिसरात काम केले. त्यांची ओढ टिकली, कारण त्यांचे लक्ष अभ्यासक्रमापेक्षा समोरच्या मुलावर होते. अभ्यासक्रम दरवर्षी तोच असतो, मूल मात्र दरवर्षी नवे असते. ज्याची नजर मुलाकडे असते, त्याचा विषय शिळा होत नाही.

शिक्षकाने स्वतःसाठी काय करावे?

दुसऱ्याला पाणी देण्यासाठी आपली विहीर भरलेली असावी लागते. भाषाशिक्षकाने स्वतःचे शिकणे थांबवू नये. दररोज इंग्रजीतील दोन पाने केवळ आनंदासाठी वाचावीत, वर्गासाठी नव्हे. शक्य झाल्यास एखादी सर्वस्वी अपरिचित भाषा किंवा बोली शिकायला घ्यावी. बोईसरच्या शिक्षिकेने आपल्या विद्यार्थ्यांकडूनच वारलीतील पन्नास शब्द शिकावेत. उच्चार चुकला की मुले हसतील. त्या हसण्यातून तिला पुन्हा आठवेल की नवी भाषा बोलताना जीभ का अडते आणि चूक दाखवताना किती हळुवारपणा लागतो. मुलांनाही प्रथमच वाटेल की आपल्या घरच्या भाषेला बाईंच्या वर्गात मान आहे.

दुसरे, एकटे राहू नये. केंद्रातील चार शिक्षकांनी महिन्यातून एकदा जमून, फसलेल्या तासांविषयी मोकळेपणाने बोलावे. यशाच्या कथा सगळेच सांगतात. अपयश वाटून घेतले की ते हलके होते.

तिसरे, छोट्या यशाची नोंद ठेवावी. एका वहीत दर शुक्रवारी एकच ओळ लिहावी, या आठवड्यात कोणते मूल प्रथमच इंग्रजीत काय बोलले. वर्षाअखेरीस त्या चाळीसेक ओळी वाचल्या की ‘आपल्या हातून काहीच होत नाही’ ही भावना आपोआप विरते.

पालक आणि समाज

शेवटी आपल्याकडे वळू या. मुलाचे गुण कमी पडले की आपण शिक्षकाला जाब विचारतो. तो आपला हक्क आहे. पण मुलाने घरी येऊन इंग्रजीतील एखादे वाक्य आनंदाने म्हणून दाखवले, तेव्हा दुसऱ्या दिवशी बाईंना किंवा गुरुजींना भेटून ‘तुमच्यामुळे झाले’ असे सांगणारे पालक किती? गावात सेवानिवृत्त शिक्षक आहेत, बँकेत, परदेशी जहाजांवर, रुग्णालयांत काम केलेली माणसे आहेत. आठवड्यातून एक तास ती मुलांशी इंग्रजीत गप्पा मारू शकतात. समाजमंदिराच्या एका कोपऱ्यात इंग्रजी-मराठी गोष्टींच्या पुस्तकांचे कपाट उभे राहू शकते. यासाठी मोठा निधी लागत नाही.

वाचकहो, परकी भाषा म्हणजे दुसऱ्याच्या घराचे दार. ते ठोठावायला धीर लागतो आणि तो धीर शिक्षक देतो. चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने आपल्या भाषेचे दार ठोठावले, ती आपलीशी केली आणि मागून येणाऱ्यांसाठी व्याकरणरूपी किल्ली ठेवून दिली. आज आपल्या जिल्ह्यातील शेकडो शिक्षक तेच काम उलट्या दिशेने करीत आहेत. या जूनमध्ये आपल्या मुलाच्या इंग्रजीच्या शिक्षकांना एकदा अवश्य भेटा. तक्रार असल्यास जरूर सांगा. पण त्याआधी विचारा, ‘तुमच्या कामात आमची काही मदत होईल का?’ विझू पाहणाऱ्या एखाद्या ज्योतीला कधी कधी एवढाच आडोसा पुरतो.